दोन फ्रिजवाला गांचो

आमच्या गावात माझ्या शेजाऱ्याला सगळे ‘दोन फ्रिजवाला गांचो’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. त्याच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली दोन फ्रिज खांद्याला खांदा लावून उभे असायचे. पांढरा थोरल्या मुलाने, मिन्कोने आणलेला. करडा धाकट्या तोत्यूचा. पांढऱ्यात मिन्कोचं दही, चीज, सॉसेज. करड्यात तोत्यूच्या बायकोने रांधलेल्या भरल्या मिरच्या, सूप, प्लमचा मुरंबा. एकाचा डबा दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये गेलेला चालायचा नाही. मिन्को शनिवारी यायचा, तोत्यू रविवारी, आणि दोघंही आल्याआल्या आधी फ्रिजचं दार उघडून बघायचे, मग बापाकडे.

मी वुता. गांचोच्या आणि माझ्या अंगणामध्ये लाकडी कुंपण आहे, आणि त्यातली एक फळी कित्येक वर्षं निखळलेली आहे. ती बसवायला ना त्याने कधी खिळा आणला ना मी. पोस्टातून निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगी स्पेनमध्ये. म्हणजे बघायला मला वेळच वेळ. त्यामुळे जे सांगते ते ऐकीव नाही, आणि थोडं जे ऐकीव आहे ते रालित्साने माझ्याच ओट्यावर बसून सांगितलेलं आहे.

रालित्सा ही मिन्कोची मुलगी, गांचोची नात. लोवेच शहरात एका दातांच्या दवाखान्यात कामाला. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत ती इथेच वाढली, आजी-आजोबांकडे. आजीवर, म्हणजे त्सोनावर, तिचा फार जीव. त्सोना गेली तेव्हा पोर पंधरा-सोळा वर्षांची असेल. चाळिसाव्या दिवसाला आम्ही थडग्यावर उकडलेला गहू वाटला, घरी येऊन जेवायला बसलो, आणि सूप संपायच्या आत दोघे भाऊ उभे राहिले.

“तू काय बोललास ते मला कळलंय!” मिन्को ओरडला.

“आणि तू काय बोललास ते मला कळलं नाही वाटतं?” तोत्यू म्हणाला.

एवढंच. कोण काय बोललं होतं, ते दोघांपैकी एकाच्याही तोंडून बाहेर पडलं नाही. तोत्यूने टोपी घातली आणि निघून गेला. तेव्हापासून दोघांत अबोला. गावाने आपापल्या परीने अर्थ लावले. कुणी म्हणालं घरावरून, कुणी म्हणालं वरच्या रानावरून, कुणी म्हणालं बायकांमुळे. बायका बिचाऱ्या एकमेकींना बाजारात चोरून भेटायच्या.

पण एक सांगते. भांडले तरी बापाला दोघांनी टाकलं नाही. उलट चढाओढ लागली. मिन्कोने पन्हळी बदलल्या तर तोत्यूने धुराडं नवं बांधून घेतलं. तोत्यूने ब्लँकेट आणलं की पुढच्या शनिवारी मिन्कोचं त्याहून जाड ब्लँकेट हजर. हिवाळ्याची लाकडं तर इतकी यायची की गांचो मला कुंपणावरून म्हणायचा, “वुते, घेऊन जा गं थोडी, नाहीतर वाळवी लागेल.” आणि हसायचा. गावातल्या म्हाताऱ्यांना त्याचा हेवा वाटायचा. ज्यांची मुलं गुण्यागोविंदाने राहत होती त्यांच्या दारात गवत माजलं होतं.

तर, मागच्या सप्टेंबरात रालित्सा आली. पुढच्या महिन्यात गांचोला पंच्याऐंशी पूर्ण होणार होती. मी त्याच्या अंगणात बसून शेंगा सोलत होते. माझ्या शेंगा, त्याची सावली.

“आजोबा, वाढदिवसाला काय आणू तुम्हाला?”

“चपला आण,” गांचो म्हणाला. “लोकरीच्या. टाच झाकणाऱ्या.”

“दोन जोड आहेत की तशा. बाबांनी आणलेल्या आणि तोत्यूकाकाने आणलेल्या.”

“मग तिसरा आण. मला काय, पायात घालायच्या आहेत, डोक्यावर नाही.”

“चपला काय भेट आहे का, आजोबा? पंच्याऐंशी रोज होतात का?”

“रोज झाली असती तर मेलोच असतो,” तो म्हणाला आणि शेंगांच्या ढिगातली माझी एक शेंग उचलून उगाच चावत बसला.

पोरीला चैन पडेना. मला गाडीत घालून ट्रोयानला बाजारात घेऊन गेली. “वुता आजी, तुम्ही त्यांना ओळखता, तुम्ही सुचवा.” आम्ही दुकानं पालथी घातली. तिने रेडिओ उचलला, मी म्हटलं, दोन आहेत. रक्तदाब बघायचं यंत्र, दोन आहेत. पाठीमागे ठेवायची गरम पाण्याची पिशवी, तीही दोन. एका दुकानात पाय चोळून देणारं यंत्र होतं, विकणारी मुलगी म्हणाली, हे कुणाकडेच नसतं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे आहेत, आणि एक तर अजून खोक्यात आहे.

रालित्सा हसली नाही. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो, तिने मला आइस्क्रीम घेऊन दिलं, स्वतः काही खाल्लं नाही. मग म्हणाली, “त्यांच्याकडे सगळं दोन-दोन आहे. फक्त दोन मुलं एका टेबलावर नाहीत.”

मी म्हटलं, “रालित्सा, उगाच खाजवून खरूज काढू नकोस.”

“आजोबांना तेच हवं असणार. बोलत नाहीत, एवढंच.”

“त्यांनी मागितलंय का?”

“नाही.”

“चपला मागितल्यात. चपला आण.”

“वुता आजी, तुम्हाला काय वाटतं, बापाला आपली मुलं एकमेकांना पाण्यात पाहतात हे आवडत असेल?”

आवडत असेल असं मला तेव्हा तरी वाटत नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की गांचोने या सगळ्या वर्षांत एकदाही माझ्यापाशी मुलांच्या भांडणाबद्दल सुस्कारा टाकला नव्हता. कंबरेबद्दल टाकला, सरकारबद्दल टाकला, त्सोनाबद्दल टाकला. याबद्दल नाही. आता तो माणूसच तसा, मनातलं न सांगणारा, असं मी धरून चालले होते.

पोरगी एका खोट्यापासून सुरुवात करून बसली. आधी बापाकडे गेली. मिन्को दुधाच्या गाडीवर असतो, डेअरीचा माल गावोगाव पोचवतो. तो अंगणात क्रेट धूत होता. ती म्हणाली, “बाबा, आजोबा म्हणतात, मरायच्या आधी एकदा दोघांना एका टेबलावर बघायचंय. त्यांना दुसरी भेट नको.” मिन्कोने पाण्याचा पाइप बंद केला नाही. क्रेट धुऊन झाला तरी त्यावर पाणी सोडत राहिला. मग म्हणाला, “तो येणार नाही.” ती म्हणाली, “आला तर?” मिन्को म्हणाला, “आला तर मी काय त्याला खाणार आहे?”

मग ती तोत्यूकडे गेली. त्याचं ट्रोयानला टायरचं दुकान आहे. तोत्यू मऊ माणूस, आईच्या वळणाचा. त्याने ऐकलं, काळ्या हातांनीच तोंड पुसलं आणि डोळ्यांभोवती काजळी करून घेतली. “बाबा असं म्हणाले? माझ्यासमोर कधी म्हणाले नाहीत,” एवढंच बोलला. मग म्हणाला, “दादा काही कमीजास्त बोलला तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो.” “नाही बोलणार, काका.” “मला बोलला तर चालेल. आईवरून बोलला तर नाही.”

रालित्साला ते वाक्य खटकलं, असं ती मला नंतर म्हणाली. पण तिने मागे वळून विचारलं नाही. इतक्या लवकर हो म्हणाला याच आनंदात ती घरी आली.

वाढदिवस शनिवारी आला. म्हणजे मिन्कोचा वार. गांचोने सकाळीच दाढी केली, त्सोनाने विणलेलं जाकीट घातलं. मी बानित्सा भाजून नेली, आमच्याकडे चीज घालून पापुद्र्यांची करतात तशी. रालित्साने मेंढीचं मांस ओव्हनमध्ये घातलं होतं. मिन्को आला, बापाच्या दोन्ही गालांना ओठ लावले, पांढरा फ्रिज भरला. सगळं नेहमीसारखं. मिन्को मात्र सारखा खिडकीकडे बघत होता.

तोत्यूची गाडी उतारावर आली तेव्हा आवाज सगळ्यात आधी गांचोने ओळखला. हातातला चमचा खाली ठेवला.

“आज शनिवार आहे ना?” तो म्हणाला.

“हो आजोबा.”

“मग तो कशाला आलाय?”

“तुमच्यासाठी आलाय. दोघंही आज इथे जेवणार आहेत.” रालित्साचा चेहरा असा फुलला होता की बघवत नव्हतं. “हीच माझी भेट.”

गांचोने तिच्याकडे पाहिलं. मी समोरच होते, तो चेहरा मी पाहिला. पोरीला वाटलं आजोबा गहिवरले. मला वाटलं, याला कुणीतरी घराला आग लागल्याचं सांगितलंय.

“कुणी सांगितलं होतं तुला?” तो इतक्या हळू बोलला की तिने ऐकलं नसावं.

तोत्यू दारात उभा राहिला, हातात बाटली, फुलांचा गुच्छ. म्हाताऱ्याला कुणी फुलं आणतं का! पण हात रिकामे नसलेले बरे, असं त्याला वाटलं असेल. मिन्को उठला. दोघांमध्ये टेबल होतं.

“दादा,” तोत्यू म्हणाला.

“बस,” मिन्को म्हणाला. “उभा काय राहिलास पाहुण्यासारखा.”

आणि बसले. रालित्सा ओव्हनकडे वळून रडून घेत होती.

गांचोने त्या दिवशी जो आटापिटा केला तो मी जन्मात विसरणार नाही. आधी तोत्यूला म्हणाला, “तू इकडे बस, माझ्या डाव्या हाताला,” आणि मिन्कोला टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला धाडलं. मग स्वतःच बोलत राहिला. प्लम यंदा कसे सडले, प्लमच्या दारूची, राकियाची भट्टी लावायला कोण येणार, मेयरने रस्त्याचं काय केलं. जो माणूस जेवताना तोंडातून शब्द काढत नाही, तो थांबेचना. मुलांपैकी एकाने दुसऱ्याकडे मान वळवली की याला मीठ हवं असायचं. मध्येच तोत्यूला म्हणाला, “जा, लाकडं घेऊन ये आत,” आणि ओव्हनच्या उबेने आम्ही सगळे घामाघूम झालेलो. मिन्को उठला, “थांब, मी पण येतो,” म्हणाला, तर लगेच, “राहू द्या, राहू द्या, नंतर बघू.”

मिन्कोने राकियाचे पेले भरले. “बाबा, तुमच्या आरोग्यासाठी,” म्हणाला. मग पेला जरा उंच धरला. “आणि आईसाठी.” आमच्यात मेलेल्यांसाठी पेल्याला पेला लावत नाहीत, दोन थेंब जमिनीवर सांडतात. दोघांनी एकदमच सांडले.

“दादा,” तोत्यू म्हणाला, “आईवरून मला एक सांगायचंय.”

“जेवताना जुनं काढू नका,” गांचो म्हणाला. “वुते, बानित्सा वाढ. गार होतेय.”

“नाही बाबा, बोलू दे,” मिन्को म्हणाला. “आज आलोच आहोत तर होऊन जाऊ दे. तोत्यू, तू जे बोललास ते मी आजही विसरलो नाही. पण बाबांची इच्छा आहे म्हणून मी सोडून द्यायला तयार आहे.”

“मी काय बोललो?”

“आता ते तोंडाने वदवून घेऊ नकोस.”

“दादा, आईची शपथ, मी काय बोललो?”

मिन्कोने पेला खाली ठेवला. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. “तू म्हणालास की आईला मी मारलं. रात्री तिला त्रास होत होता तेव्हा मी आधी दुधाची गाडी रिकामी करून आलो आणि मग तिला दवाखान्यात नेलं, म्हणून ती गेली. हे बोललास.”

तोत्यूचं तोंड उघडं राहिलं. “मी?”

“बास करा,” गांचो म्हणाला.

“मी असं बोललो? तू तिला दोन्ही हातांवर उचलून खाली आणलंस. वाटेत चार वेळा मला फोन केलास, आणि मी ज्याला-त्याला तेच सांगतो की दादाने… कोण म्हणालं तुला हे?”

मिन्कोने पेला दूर सारला.

“आणि माझ्याबद्दल तू जे म्हणालास?” तोत्यूचा आवाज फाटला. “की मी शवपेटीवर पडून रडलो ते नाटक होतं. घर मला मिळावं म्हणून लोकांना दाखवत होतो.”

“हे मी कधी म्हणालो?”

“मला सांगितलं.”

“कुणी?”

मग दोघं एकदमच वळले. मी आणि रालित्साही वळलो. गांचो पाव कापत होता. इतका पाव कुणाला नको होता. एकेक काप नीट, सारख्या जाडीचा, टेबलाच्या कडेला रचत होता.

“बाबा,” तोत्यू म्हणाला.

“मला काय आठवतंय?” गांचो म्हणाला. “म्हातारा माणूस मी.”

“तेव्हा म्हातारा नव्हतास,” मिन्को म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाला अरे-तुरे करत होता. “माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलास. म्हणालास, तोत्यू असं-असं म्हणतो, तू मनावर घेऊ नकोस. मनावर घेऊ नकोस म्हणालास!”

“मलाही तेच म्हणाले,” तोत्यू पुटपुटला.

गांचोने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता माफी मागेल. छातीला हात लावून आडवा पडेल, म्हातारी माणसं करतात तसं. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही.

“हो,” तो म्हणाला. “सांगितलं. मग?”



“तुमची आई होती तेव्हा किती वेळा आलात? सांगा ना. इस्टरला, नाताळला. तू म्हणायचास, तोत्यू जवळ आहे, तो बघेल. तू म्हणायचास, दादाची गाडी आहे, तो जाईल. फार गोडीत होतात दोघं. मासे पकडायला जात होतात बरोबर, इथून खालच्या पुलावरून. ती खिडकीत बसायची. तुमची गाडी खालून तशीच पुढे गेली की म्हणायची, घाई असेल पोरांना. तिच्या फ्रिजचं दार दोरीने बांधलेलं होतं, दोरीने! आठवतं का? तुमच्या प्रेमात तिला एक फ्रिज मिळाला नाही. तुमच्या वैरात मला दोन मिळाले.”

“आम्हाला सांगायचं होतं,” तोत्यू रडत होता. “म्हणायचं होतं, या म्हणून.”

“तिने म्हटलं होतं. दर आठवड्याला फोनवर म्हणायची. आलात?”

मिन्को उठला, कोट घेतला. दारापाशी जाऊन त्याने मागे पाहिलं, बापाकडे नाही, भावाकडे. “चल,” म्हणाला. तोत्यू उठला. तोत्यूची गाडी अंगणात तशीच राहिली, दोघं मिन्कोच्या दुधाच्या गाडीत बसले. मी दारात जाऊन पाहिलं. गाडी उताराला लागून वळणावर थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली. दोन मोठी माणसं आत एकमेकांच्या गळ्यात पडलेली होती. बघून मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. मागे स्वयंपाकघरात नळाचं पाणी वाहत होतं.

रालित्सा भांडी घासत होती. गांचो टेबलाशीच बसलेला. मला वाटतं तो तिला शिव्या घालेल याची ती वाट पाहत होती, घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

“आजोबा, मला माहीत नव्हतं.”

“तुला कसं माहीत असणार,” तो म्हणाला. “मी चपला सांगितल्या होत्या.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तोत्यू त्याची गाडी न्यायला आला. इंजिन सुरू केलं आणि गेला. घराचं दार बंद होतं, तरी पडदा हलला, मी पाहिला.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला वाटेल तितकं भयंकर नाही, म्हणूनच सांगायला जड जातं. मुलांनी बापाशी संबंध तोडले, कोर्टात गेले, असलं काही झालं नाही. पहिले दोनेक महिने मिन्को म्हणायचा की त्याचं तोंड बघणार नाही. मग राग निवला. नाताळच्या आधी तोत्यू भावाला म्हणाला म्हणे, “जाऊन यायला पाहिजे, म्हातारा एकटा आहे.” मिन्को म्हणाला, “हो, जा ना तू, तुझं जवळ आहे.” तोत्यू म्हणाला, “मला वाटलं तू जाशील, तुझी गाडी जातेच तिकडून.” आणि दोघांनी मिळून नाताळ ट्रोयानला केला. डुक्कर कापलं, सॉसेज भरले, बायका मोकळेपणाने हसल्या, सगळ्यांनी रालित्साचे आभार मानले. काकू तिच्या गळ्यात पडून म्हणाली, “पोरी, तू आमचं घर जोडलंस.” रालित्साने ताट बाजूला ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

गांचोने नाताळ माझ्याकडे केला. दोन चमचे बीन्सचं सूप प्यायला आणि म्हणाला मीठ कमी आहे.

जानेवारीत करडा फ्रिज बंद पडला. मी म्हटलं, तोत्यूला कळव. तो म्हणाला, “एक पुरतो. त्यात तरी काय आहे?” खरंच काही नव्हतं. एक दह्याचं भांडं, आणि रालित्साने आणलेलं काही. कारण आता रालित्साच यायची. दर रविवारी लोवेचहून बर्फातून गाडी चालवत यायची, लाकडं फोडायची, कपडे मशीनमध्ये टाकायची. बापाशी ती यावरून भांडली, काकाशी भांडली. दोघांनी मान्य केलं की जायला हवं. दोघं फार मनापासून मान्य करतात.

गांचो तिच्याशी चांगला वागायचा. पण बोलायचा नाही फारसा. कधी कधी शनिवारी सकाळी दाढी करून खिडकीत बसलेला दिसायचा, दुपारनंतर उठायचा.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती माझ्याकडे आली, बूटसुद्धा न काढता ओट्यावर बसली. चेहरा पांढरा.

“काय गं, काय झालं त्यांना?”

“काही नाही. जेवले. छान आहेत.” मग म्हणाली, “वुता आजी, आजोबांना प्लामेनचा फोन येतो का?”

प्लामेन म्हणजे तोत्यूचा मुलगा, तिचा चुलतभाऊ. आयर्लंडमध्ये असतो, एका गोदामात. लहानपणी दोघं गांचोच्या अंगणात एका टबात अंघोळ करायची.

“छे. त्याने शेवटचा फोन केला त्याला जमाना झाला. का?”

“आजोबा म्हणाले, त्याचा फोन आला होता. म्हणाला म्हणे, रालित्सा दर रविवारी का जाते ते आम्हाला सगळ्यांना कळतं. घर नावावर करून घ्यायचंय तिला. दोघा भावांना मुद्दाम एकत्र आणून म्हाताऱ्यापासून तोडलं, आता मैदान मोकळं.” तिने टोपी काढली. “आणि मग आजोबा म्हणाले, तू मनावर घेऊ नकोस.”

मला त्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याला सूप नेऊन द्यावंसं वाटलं.

“तू काय म्हणालीस?”

“मी म्हणाले, आजोबा, तुम्ही काय करताय ते मला माहीत आहे. ते म्हणाले, मी काय करतो? मला जे सांगितलं ते सांगितलं. आणि चहात साखर घालायला लागले.”

“मग झालं तर. तुला माहीत आहे ना, खोटं आहे.”

“माहीत आहे.”

“शंभर टक्के खोटं.”

“हो.” ती बुटावरचा बर्फ नखाने खरवडत होती. “पण वुता आजी, प्लामेन तसं म्हणूही शकतो. तो तसाच आहे. आजीच्या वेळी तो किती दिवस राहिला, सांगा बरं? त्याने कधी एक लाकूड फोडलंय का? आणि मला म्हणतो घर हवंय! मला! या पडक्या…” तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात तोंडावर ठेवला.

मी ओट्यावर ठेवलेला तिचा फोन उचलून तिच्यासमोर धरला. “लाव त्याला. आत्ता लाव. विचार.”

तिने फोन घेतला. प्लामेनचं नाव काढलं, त्याचा फोटो आला, बिअरचा पेला हातात घेऊन हसणारा. ती त्याकडे बघत राहिली. तिकडे दुपार होती, त्याने उचलला असता. एका मिनिटाचं काम होतं.

“काय विचारू?” ती म्हणाली. “तू असं बोललास का, असं विचारायचं? तो नाही म्हणेल. खरं असलं तरी नाहीच म्हणेल ना?”

फोनची काच विझली. तिने तो खिशात घातला, टोपी ओढली आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा म्हणून निघाली.

पुढच्या आठवड्यात ती शनिवारीच आली, प्लामेनला काही न विचारता. गाडीच्या डिकीतून तिने मांस काढलं, चीजचा डबा काढला, आणि करड्या फ्रिजसाठी एका मेकॅनिकला बरोबर आणलं होतं. मी फटीतून पाहत होते. गांचो दारात आला होता, काठी न घेता. मला पाहून त्याने हात वर केला, आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायला पायऱ्या उतरू लागला.